थंडी मागणारं झाड

माझी भाची कॅनडात सास्काटूनला राहते. जानेवारीत तिकडे पारा शून्याखाली तीस अंशांवर गेला की स्वयंपाकघराच्या खिडकीतून परसाचा फोटो काढून ती मला पाठवते. बर्फातून वर आलेल्या काळपट काटक्या, उंचीला जेमतेम माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. खाली लिहिलेलं असतं, 'मावशी, ही आमची चेरी. झोपलीय.' मग जुलै संपता संपता त्याच काटक्यांचा दुसरा फोटो येतो. पानं झाकून टाकतील इतकी लाल फळं, बुडाशी स्टीलचं पातेलं आणि पातेल्याशेजारी हनुवटीपर्यंत रंगलेली तिची सहा वर्षांची लेक.

गेल्या वर्षी तिने फोनवर गळ घातली, "मावशी, एवढ्याशा गॅलरीत तू काय काय उगवतेस. एक चेरी लाव ना!"

मी लावली होती. कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच.

गिरगावातल्या आमच्या चाळीची गॅलरी दुसऱ्या मजल्यावर आहे, पश्चिमेला तोंड करून. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत तिच्यावर ऊन असतं. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले त्या वर्षी मे महिन्यात क्रॉफर्ड मार्केटातून काश्मीरच्या चेरीची एक पेटी आणली होती. फळं खाऊन झाल्यावर बिया घासून धुतल्या, ओल्या रेतीत घातल्या आणि डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, भाजीच्या शेजारी ठेवून दिला. चेरीच्या बीला आधी हिवाळा भोगावा लागतो, त्याशिवाय ती कोंब काढत नाही, हे मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले होते. स्वतः पाहिलं कधीच नव्हतं. चार महिन्यांनी तेवीस बियांपैकी दोन तडकल्या. एक कुजली. दुसरी वाढली, वीतभर झाली. कातरलेल्या कडांची, तेलाचा हात फिरवल्यासारखी चकचकीत पानं. शेजारच्या वहिनी बघायला आल्या तर मी नुसतं 'एक रोप आहे' म्हटलं. दृष्ट लागेल असं मनात आलं, हे आज कबूल करते.

पहिला उन्हाळा त्या रोपाने काढला. पण पुढच्या डिसेंबरात झोपावं की जागावं हे त्याला कळेना. निम्मी पानं गळली, निम्मी तशीच राहिली. शेंड्याचा डोळा फुगला आणि तिथेच थांबला. फेब्रुवारी उलटला तरी उघडला नाही. मे महिन्यात एका संध्याकाळी पाणी घालायला गेले तर खोड हाताला पोकळ लागलं. दुसऱ्या खेपेला एवढंही झालं नाही.

कारण साधं आहे. चेरी, सफरचंद, पीच ही झाडं थंडी मोजतात. शून्य ते सात अंशांच्या आसपासचे तास त्यांच्या कळ्यांमध्ये कुठेतरी जमा होत राहतात आणि ठरलेला हिशेब पुरा झाला की मगच कळी उघडते. आंबट चेरीचा हिशेब साधारण हजार तासांचा. मुंबईची हवामानखात्याची नोंद पाहिली, तर सांताक्रूझला आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चं. तो दिवस मला आठवतो. मी लहान होते. आजीने आम्हा भावंडांना एकाच गोधडीत कोंबलं होतं आणि खाली चौकात पुरुषमंडळी फळकुटं, रद्दी पेटवून शेकत बसली होती. आमच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी थंडी आणि चेरीच्या वहीत मात्र ती धड एका तासाचीही जमा होत नाही.

भाचीच्या झाडाची कुळकथाही अशी मागणी आणि देणं यांचीच. सास्काटूनची थंडी इतकी कडक की युरोपातली चेरी तिथे गोठून मरायची. १९४० च्या दशकात तिथल्या रोपवाटिकेतल्या लेस केर नावाच्या माणसाने युरोपातल्या आंबट चेरीचा संकर मंगोलियन चेरीशी केला. ही मंगोलियन चेरी म्हणजे मध्य आशियाच्या, सैबेरियाच्या गवताळ मुलखातलं गुडघा-कमरेएवढं झुडूप. फळ तुरट, पण थंडीला चिवट. पुढे सास्काचेवान विद्यापीठातल्या लोकांनी ते काम उचललं, पिढ्यान् पिढ्या रोपं निवडत नेली आणि १९९९ साली 'कार्माइन ज्युएल' हे वाण बाहेर आलं. उंची दोन मीटरच्या आसपास, उणे चाळीस अंशांतही जिवंत. पन्नास वर्षांहून अधिक काळ माणसं या एका झुडपापाशी बसून राहिली, तेव्हा कुठे माझ्या भाचीच्या पातेल्यात फळं पडली. मला या कामाबद्दल फार आदर वाटतो.

पण ते रोप मेल्यावर माझं लक्ष उलट दिशेला गेलं. इथल्या मातीने कुठल्या झाडाला काय दिलं, आणि देणं कधी थांबवलं?

गिरगावात याचं उत्तर पत्त्यांवर लिहिलेलं आहे. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, पलीकडे काळबादेवीकडे जांभूळवाडी. बोरभाट लेन, मुगभाट लेन. आमच्या लहानपणी ही नावं नुसती तोंडात होती. साहित्य संघात नाटकाला जायचं म्हणजे केळेवाडीत जायचं. केळीचा आणि त्या रस्त्याचा काही संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नाही. 'भाट' हा शब्द मला पहिल्यांदा कळला तो मालवणला आजोळी. तिथे आणि गोव्यात भाट म्हणजे माडापोफळीची, झाडापेडाची जमीन. आजोबा सकाळी 'भाटात जाऊन येतो' म्हणायचे. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडेही बोरभाट आहे. त्यांनी विचारलं, "बोरी किती?" मला उत्तर देता आलं नाही.

बोरी असणारच. मलबार टेकडीच्या पायथ्याचं हे गाव, गिरीजवळचं गाव म्हणून गिरगाव. पोर्तुगीज काळापासून आणि त्याच्याही आधीपासून इथे माडांच्या बागा होत्या. पोर्तुगीज त्यांना 'ऑर्ता' म्हणत. १६६८ मध्ये बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं, तरी इंग्रजांच्या दप्तरात तोच शब्द 'ओर्ट' होऊन राहिला. माडावर चढून ताडी काढणारे भंडारी, खालच्या सावलीत केळी, भाजी, फणस. आणि माडाला खत मासळीचं. १६९० मध्ये इथे राहून गेलेला जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री मुंबईच्या रोगट हवेचा दोष ज्या गोष्टींना देतो, त्यांत झाडांच्या मुळाशी पुरलेल्या मासळीची दुर्गंधी आहे. हे वाचलं तेव्हा मला आजोबांचं भाट आठवलं. तिथेही पावसाआधी माडाच्या आळ्यात मासळी आणि मीठ घालत आणि चार दिवस त्या बाजूला जायला नाक दाबावं लागे. ओव्हिंग्टनला जी घाण वाटली ती माडाची मागणी होती. समुद्राकाठच्या रेताड जमिनीला दुसरं द्यायला होतं तरी काय?

वाडी हा शब्दही मुळात बागेचाच. घर नंतर आलं. १८०३ साली फेब्रुवारीत किल्ल्यात मोठी आग लागली, गावठाणाचा बराच भाग जळाला आणि तटाबाहेर लोकवस्ती पसरायला लागली. बागांचे मालक, त्यांत पाठारे प्रभू बरेच, बागेतच एखादा वाडा बांधू लागले, पुढे तुकडे पाडून भाड्याने वा कायमचे देऊ लागले. खोताची वाडी अशीच दादोबा वामन खोतांच्या जमिनीवर वसली. ईस्ट इंडियन कुटुंबांनी तिथे लाकडी जिन्यांचे बंगले बांधले. तिथे आजही एखाद्या बंगल्यापुढे पपईचं नाहीतर नारळाचं झाड दिसतं आणि मी मुद्दाम वाट वाकडी करून त्या गल्लीतून जाते. बाकीच्या वाड्यांत १८६० नंतर कापसाच्या तेजीने आणि गिरण्यांनी माणसं ओतली. बागेची घरं झाली, घरांच्या चाळी झाल्या.

इथे बहुतेकजण थांबतात: चाळी आल्या, झाडं गेली. मला हे पुरतं पटत नाही. आमच्याच वाडीत चाळ उभी राहिल्यावरही पुष्कळ वर्षं एक फणस, दोन माड, रायआवळा, पारिजातक आणि बेल होता, असं आजी सांगायची. चाळ बांधणाऱ्यांनी चौक सोडला होता, झाडं ठेवली होती. ती गेली पाण्यापायी.

प्रत्येक वाडीला विहीर होती. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आलं, तरी विहिरी चालू राहिल्या. धुणं, भांडी, पूजा आणि झाडं त्यांच्यावरच. मग हिवतापाने शहर हैराण झालं. डॉ. बेंटली यांनी पाहणी केली आणि १९११ मध्ये अहवाल दिला. मुंबईतला हिवताप पसरवणारा डास वाडीवाडीतल्या विहिरींत, टाक्यांत वाढतो आहे. त्यानंतर विहिरी बुजवायचा, नाहीतर त्यांच्यावर झाकण घालायचा सपाटा सुरू झाला. धार्मिक कारणाने लोकांनी विरोध केला, वादही झाले. पण डास खरा होता आणि माणसं खरोखरच मरत होती. वर्गात ॲनोफिलीसचं चित्र काढताना मी मुलांना ही गोष्ट नेहमी सांगत असे, आणि बेंटलींची बाजू घेऊनच सांगत असे. आजही त्यांचीच बाजू घेईन.

तरी आमच्या चौकातल्या त्या फरशीवर बसलं की मला विहीर जाणवते. फरशीला लोखंडी झडप होती, आम्ही तिच्यावर सागरगोटे खेळायचो. गोटा आपटला की आतून पोकळ आवाज यायचा. आजी १९२० च्या दशकात लग्न होऊन इथे आली तेव्हाच विहीर मिटलेली होती. सासूने तिला सांगितलं होतं, विहीर मिटल्यावर तिसऱ्या वर्षी फणस धरायचा थांबला. नळाचं पाणी सकाळी ठरलेल्या वेळी येणार, त्यात चाळीस बिऱ्हाडांचे हंडे भरायचे. त्यातली घागर फणसाच्या मुळाशी कोण ओतणार? ज्याला थोडं पाणी पुरतं ते झाड टिकलं. बेल टिकला. रायआवळा टिकला.

रायआवळ्याबद्दल मला थांबून लिहायलाच हवं, कारण आमची चेरी तीच होती. फिकट पिवळी, सहा-आठ धारांची, दाताखाली कचकन फुटणारी फळं थेट जाड फांद्यांना लगडायची. दगड मारायला बंदी, पण हलवायला बंदी नव्हती. खाली परकर पसरून दोघी उभ्या राहायच्या, तिसरी फांदी हलवायची. मग आजी त्यातल्या निम्म्यांना मिठात घालायची आणि निम्म्यांचा साखर घालून लालसर मुरांबा करायची. तो शिजताना इतका लाल होतो की पाहुण्यांना खरं वाटत नसे. झाड १९७४ च्या पावसाळ्यात रात्रीचं कोसळलं. सकाळी त्याच्या मुळांत आम्हाला विटांचे तुकडे आणि एक फुटकी पणती दिसली. वाडीच्या जुन्या कुठल्यातरी घराची असेल.

झाड गेल्यावर डबे उरले. डालड्याचे पिवळे पत्र्याचे डबे, त्यांच्यावरचा माड गंजेपर्यंत ओळखू यायचा. तळाला खिळ्याने भोकं पाडायची, कोळशाचा चुरा घालायचा, वर माती. माती कुठली? कुणी गावाहून परतताना पिशवीत आणलेली. कोकणातल्या घरांत लाल, घाटावरच्या घरांत काळी. आमच्या मजल्यावर डबे बघून कोणाचं गाव कुठलं ते सांगता यायचं. तुळस सगळ्यांकडे, शिवाय मालवणवाल्यांकडे अबोली, साताऱ्याकडच्या एका काकूंकडे मरवा, जुन्नरकडच्या एकांकडे चक्क द्राक्षाचा वेल. त्याला कधी द्राक्षं आली नाहीत. काका तरी दर ऑक्टोबरात गावच्या पद्धतीने त्याची छाटणी करायचे, न चुकता.

गणपतीच्या आदल्या दिवशी या डब्यांचा खरा उपयोग. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, ती चाळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पण घरचा गणपती त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आणि त्याला पत्री लागते एकवीस. आजीला पाठ होतं: बेल आमच्या चौकात, रुई मागच्या भिंतीशी, शमी फणसवाडीतल्या एका देवळाच्या आवारात, डाळिंबाचं पान तिसऱ्या मजल्यावरच्या डब्यातून, दूर्वा चौपाटीकडच्या एका बंगल्याच्या माळ्याकडून. पहाटे परडी घेऊन ती निघायची आणि मी मागे. एकवीस पत्रींचा तो फेरा म्हणजे गिरगावात काय काय जिवंत आहे याची दरवर्षीची शिरगणतीच होती. आता दादरच्या फुलबाजारात पत्रीची जुडी दोऱ्याने बांधून मिळते. मीही तीच आणते. मोजून घेते, एकवीस कधीच भरत नाहीत.

शहराच्या बाकीच्या भागांतही पत्ते हेच सांगतात. चिंचपोकळी, बहाव्याचं भायखळा, वडाची वरळी. परळचं नाव पाडळीवरून की परळी-वैजनाथावरून यावर वाद आहे, मी पाडळीच्या बाजूची. माझगावचा आंबा तर जगाला माहीत होता. १८०९ मध्ये आलेली मारिया ग्रॅहॅम लिहिते की त्या मूळ झाडावर फळांच्या दिवसांत शिपायांचा पहारा असे. शिवडीला १८३० च्या दशकापासून कृषी-उद्यान संस्थेची बाग होती, परदेशी झाडं रुजवून बघायची. गुलमोहोराची भारतातली पहिली नोंद १८४० च्या सुमाराची, याच शिवडीची. मादागास्करचं झाड, आणि आज त्याच्याशिवाय परळ-लालबागचा मे महिना डोळ्यांपुढे येत नाही! पुढे ती जागा दफनभूमीला गेली आणि संस्थेची बाग भायखळ्याला नव्याने उभी राहिली, तीच राणीची बाग. गुलमोहोराला आमचं ऊन मानवलं. चेरीला मानवलं नाही. झाडाचं कौतुक किंवा दोष यात कुठे बसतो?

मुंबईची पोरं जिला खरोखर चेरी म्हणतात, तिला मात्र कोणी बागेत रुजवावं लागलं नाही. सिंगापूर चेरी. नाव सिंगापूरचं, मूळ मध्य अमेरिकेचं. वटवाघळं आणि बुलबुल तिच्या पिठासारख्या बारीक बिया कुठेही टाकतात आणि गटाराच्या कडेला, बंद गिरणीच्या भिंतीत, पायपाच्या सांध्यात ती उभी राहते. लालबागला माझी मैत्रीण राहायची, तिच्या चाळीमागे असं एक झाड होतं. शाळेतून येणारी मुलं त्याच्याखाली दप्तरं टाकून माना वर करून उभी असत. चव साखरेच्या पाण्यासारखी. मला ती फारशी आवडत नाही, पण त्या मुलांना विचारा.

आणि केकवरची चेरी? ती लाल, काचेसारखी, चिकट गोळी, जी आम्ही लहानपणी केक संपेपर्यंत ताटलीच्या कडेला जपून ठेवायचो? ती पुष्कळदा करवंद असते. कच्ची करवंदं मिठाच्या पाण्यात ठेवून त्यांचा चीक काढतात, बिया काढतात, लाल रंगात घालतात आणि चढत्या पाकात मुरवतात. हे मला पन्नाशीत कळलं, आणि त्या दिवशी मी इतकी हरखले की वर्गात शिकवायचा धडा बाजूला ठेवून मुलांना तेच सांगत बसले. आपल्या सड्यावरचं, काट्यांचं, गुरांनीही न तोंड लावलेलं झुडूप. त्याने त्या लांबच्या फळाची जागा इतकी वर्षं बिनबोभाट सांभाळली होती.

मंगोलियन चेरीला थंडीचं जे बळ, ते करवंदाला उन्हाचं. कातळात मूठभर माती, आठ महिने पाऊस नाही, वरून चैत्र-वैशाख. त्याची मागणी तेवढीच. उंचीही दोन-तीन मीटर, भाचीच्या झाडाएवढी. मग मी ठरवलं. दादर स्टेशनबाहेर मे महिन्यात कसारा-कर्जतकडच्या बायका पाटी घेऊन बसतात, डोंगरची काळी मैना पानाच्या द्रोणात घालून देतात. तिथून एक द्रोण घेतला. करवंदाची बी शिळी झाली की रुजत नाही, म्हणून घरी येताच करवंदं खाल्ली आणि बिया त्याच संध्याकाळी लावल्या. अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात विटांचे तुकडे, गावची लाल माती, थोडी रेती. फ्रिज लागला नाही. सतरा उगवली, मी दोन ठेवली, बाकीची वाडीत वाटली. चौथ्या वर्षी फेब्रुवारीत पांढरी, मोगऱ्याच्या चुलतबहिणीसारखी फुलं आली आणि संध्याकाळी गॅलरीत वास भरून राहिला. गेल्या वैशाखात एकोणीस करवंदं धरली. बुलबुलाने पाच नेली.

उरलेल्यांतलं एक कच्चं तोडून मी भाचीच्या लेकीला फोनवर दाखवलं. देठाशी पांढरा चीक आला तशी ती ओरडली, "आजी, याच्यात दूध आहे!" तिकडे तेव्हा बर्फ नुकतं वितळून चेरीला कळ्या धरल्या होत्या. मग तिने मला बोरभाटाची, केळेवाडीची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. ही तिसरी वेळ. केळेवाडीत केळी आहेत का, असं तिने विचारलं. नाहीत, मी म्हटलं. मग नाव का ठेवलंय, तिने विचारलं. होती म्हणून, मी म्हटलं. तिने जरा विचार केला आणि फोन आईकडे देऊन पळाली.

दोन दिवसांनी फोटो आला. चेरीच्या बुडाशी लाकडी पाटी खोचलेली, तिच्यावर निळ्या रंगात, वेलांटी उलटी काढून, देवनागरीत लिहिलेलं: चेरीवाडी. या जानेवारीतल्या फोटोत बर्फ पाटीच्या वरच्या काठापर्यंत चढला आहे. अक्षरं गाडली गेली आहेत. काटक्यांच्या पुढे नुसती निळी शिरोरेघ दिसते.